दोन धन्यांची फौज

दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघावे आणि मृगाच्या आत घरी परतून नांगराला हात घालावा, हा शिरस्ता ज्या मुलखात काही पिढ्या चालला, त्या मुलखातील वाचकास अर्धवेळ सैनिक ही कल्पना अपरिचित वाटण्याचे कारण नाही. स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येणारा शिलेदार हा वर्षाचे काही महिने शेतकरीच असे. आणि त्याचे इमान नेमके कोणाकडे, ज्या सरदाराच्या पथकाबरोबर तो चालला त्याच्याकडे, की त्या सरदाराच्याही वर असलेल्या गादीकडे, हा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासात एकदा नव्हे, अनेकदा उपस्थित झाला आणि त्याची किंमतही पुरेपूर मोजावी लागली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तोच प्रश्न नव्या वेषात न्यायालयाच्या पायऱ्या चढत आहे. 2025 च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांचा उघड विरोध असताना अध्यक्ष ट्रम्प यांनी त्या राज्याच्या नॅशनल गार्डमधील सैनिक आपल्या हुकमतीखाली घेतले आणि लॉस एंजेलिससाठी प्रथम 2,000 व पुढे सुमारे 4,000 जणांची तैनाती केली. गव्हर्नराने मागणी केलेली नसताना एखाद्या राज्याची फौज अध्यक्षाने अशी परभारे उचलून घेण्याचा प्रसंग 1965 नंतर प्रथमच आला.

या वादाविषयी आपल्याकडे जे छापून येते ते बहुधा ट्रम्प यांच्या स्वभावाभोवती फिरते. व्यक्तीच्या स्वभावावर लिहिणे सोपे असते, आणि वाचणे त्याहून सोपे. परंतु नॅशनल गार्ड ही संस्था ट्रम्प यांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून दोन धन्यांची चाकर आहे. तिचा एक धनी राज्याचा गव्हर्नर आणि दुसरा राष्ट्राचा अध्यक्ष. (हा गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील नियुक्त राज्यपाल नव्हे, तो लोकांनी निवडून दिलेला राज्याचा खराखुरा कारभारी असतो, आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारा.) एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे आपण म्हणतो, तेथे एकाच तलवारीला दोन म्याने आहेत, आणि ती कोणत्या म्यानातून केव्हा निघावी याचे नियम सव्वादोनशे वर्षे थोडेथोडे करून लिहिले जात आहेत. माझ्या मते ही दुहेरी मालकी स्वतः दोषास्पद नाही. दोन धन्यांत तंटा उपस्थित झाला तर अखेरचा शब्द न्यायासनाचा, एवढे एक कलम त्या नियमांत निःसंदिग्ध शब्दांत लिहिले गेलेले नाही, हा खरा दोष आहे. हे दाखविण्यासाठी मी कॅलिफोर्निया न घेता आर्कान्सा हे दक्षिणेकडील एक मध्यम आकाराचे, फारसे श्रीमंत नसलेले राज्य घेणार आहे. कारण या फौजेचे जेवढे म्हणून प्रकार घडू शकतात, ते बहुतेक सारे त्या एका राज्यात घडून गेले आहेत.

आर्कान्सा हा 1819 साली स्वतंत्र प्रदेश म्हणून वेगळा काढण्यात आला व 1836 साली त्यास राज्याचा दर्जा मिळाला. त्या काळची लोकसेना 1792 च्या कायद्याने बांधलेली होती. अठरा ते पंचेचाळीस वर्षांच्या प्रत्येक सशक्त गोऱ्या नागरिकाने तीत नाव नोंदवावे, आणि सहा महिन्यांच्या आत स्वखर्चाने बंदूक, संगीन, चकमकीचे दोन जादा दगड व चोवीस काडतुसांची पेटी बाळगावी, असा तो कायदा होता. आपल्या शिलेदारीशी याचे साम्य सहज ध्यानात यावे, आणि त्या शिलेदारीचे गुणदोषही. माणूस स्वतःच्या हत्यारानिशी येतो तेव्हा तो स्वतःची मतेही बरोबर घेऊन येतो. राज्यघटनेने या सेनेची विभागणी मोठ्या धूर्तपणे केली होती : तिची रचना, शस्त्रे व शिस्त यांचे नियम राष्ट्राच्या विधिमंडळाने करावेत, परंतु अधिकाऱ्यांची नेमणूक आणि सैनिकांचे शिक्षण राज्यांच्या हाती असावे. घटनाकारांना कायमच्या खड्या फौजेचे भय वाटत होते व राज्याराज्यांच्या बेबंदशाहीचेही भय वाटत होते. दोन्ही भयांना अर्धा अर्धा वाटा देऊन त्यांनी तोड काढली.

मेक्सिकोच्या युद्धात आर्कान्साच्या स्वयंसेवक स्वारांचे नेतृत्व करण्यासाठी राज्याचे माजी गव्हर्नर आर्चिबाल्ड येल यांनी काँग्रेसमधील आपली जागा सोडली आणि 23 फेब्रुवारी 1847 रोजी ब्वेना व्हिस्ताच्या लढाईत ते मारले गेले. ही शौर्याची बाजू झाली. दुसरी बाजू चौदा वर्षांनी दिसली. 1861 च्या फेब्रुवारीत, म्हणजे आर्कान्साने संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव करण्यापूर्वी तीन महिने, लिटल रॉक शहरातील राष्ट्रीय शस्त्रागाराभोवती राज्यातील सशस्त्र स्वयंसेवकांचा गराडा पडला आणि गव्हर्नर रेक्टर यांनी शस्त्रागाराचा ताबा मागितला. तेथील अधिकारी कॅप्टन टॉटन यांच्याजवळ मूठभर शिपाई होते. रक्तपात टाळण्यासाठी त्यांनी 8 फेब्रुवारीला जागा सोडून दिली. राष्ट्राच्या कायद्याने उभी राहिलेली राज्याची लोकसेना राष्ट्राच्याच दारूगोळ्यावर चालून गेली होती. त्याच शस्त्रागाराच्या इमारतीत पुढे 1880 साली एका लष्करी अधिकाऱ्यास पुत्र झाला, तो जनरल डग्लस मॅकआर्थर. आणि पहिल्या महायुद्धात ज्या ‘रेनबो’ डिव्हिजनमध्ये त्यांनी नाव मिळविले, ती सव्वीस राज्यांच्या नॅशनल गार्डमधून निवडलेल्या पलटणींची होती. इतिहासाला असल्या योगायोगांची हौस असते. त्यांतून काही अर्थ काढण्याच्या भरीस मी पडत नाही.

यादवीनंतरच्या काळात तर आर्कान्सात एकाच वेळी दोन गव्हर्नर व दोन लोकसेना होत्या. 1872 च्या निवडणुकीत एलायशा बॅक्स्टर विजयी झाल्याचे जाहीर झाले, पराभूत जोसेफ ब्रुक्स यांनी ते कधीच मान्य केले नाही, आणि 15 एप्रिल 1874 रोजी स्थानिक न्यायाधीशाचा हुकूम खिशात घालून व सशस्त्र माणसे बरोबर घेऊन त्यांनी बॅक्स्टर यांना राज्याच्या सरकारवाड्यातून अक्षरशः बाहेर काढले. बॅक्स्टर यांनी जवळच्या एका हॉटेलात ठाण मांडले. दोघांनीही गव्हर्नर या नात्याने लोकसेनेस पाचारण केले, दोघांच्याही हाकेस माणसे धावून आली, आणि महिनाभर राजधानीच्या रस्त्यांवर एकमेकांवर बंदुका रोखल्या गेल्या. केंद्राचे शिपाई मध्ये उभे राहून दोन्ही जमाव वेगळे ठेवीत होते. नदीतून उकरून काढलेली एक जुनी तोफ बॅक्स्टरपक्षाने सज्ज केली. ‘लेडी बॅक्स्टर’ या नावाने ती आजही त्या जुन्या सरकारवाड्यासमोर उभी आहे. शेवटी 15 मे रोजी अध्यक्ष ग्रँट यांनी बॅक्स्टर हेच गव्हर्नर असे जाहीर केले आणि तंटा मिटला. न्यायासनाचा शब्द अखेरचा असावा असे म्हणणाऱ्या माझ्यासारख्यास हा प्रसंग अडचणीचा आहे हे मी जाणून आहे. कारण ब्रुक्स यांच्या खिशातही एक न्यायालयीन हुकूम होताच. कोणत्या न्यायासनाचा शब्द, हे ठरविल्यावाचून माझे कलम निरुपयोगी आहे. जिल्हा पातळीवरचा न्यायाधीश पक्षाच्या दावणीला बांधला जाऊ शकतो. म्हणून राष्ट्रीय न्यायव्यवस्थेतील न्यायालय, आणि त्यावर तातडीचे अपील, असे त्या कलमाचे स्वरूप असले पाहिजे.

विसाव्या शतकाने या विस्कळीत लोकसेनेला शिस्त लावली, आणि ती मुख्यतः खजिन्याच्या मार्गाने लावली. ओहायोचे काँग्रेस-सदस्य चार्ल्स डिक, जे स्वतः गार्डमधील मेजर जनरल होते, त्यांच्या 1903 च्या कायद्याने राज्यांना राष्ट्राकडून पैसा व शस्त्रे मिळू लागली, परंतु कवायत आणि रचना खड्या सैन्याच्या धर्तीवर ठेवण्याची अट त्याबरोबर आली. 1912 साली राष्ट्राच्या महान्यायवाद्यांनी मत दिले की, लोकसेनेस देशाबाहेर पाठविण्याचा अधिकार घटनेने कोणासही दिलेला नाही. झाले, ज्या फौजेवर पैसा ओतायचा ती समुद्र ओलांडू शकणार नाही, ही अडचण राहिली. 1916 च्या कायद्याने यातून वाट काढली. त्यानुसार महायुद्धाच्या वेळी 1917 साली गार्डच्या सैनिकांना वैयक्तिक रीतीने राष्ट्रीय सैन्यात भरती करून घेण्यात आले व आर्कान्साच्या पलटणींची जुनी नावे पुसून त्यांना नवे अनुक्रमांक मिळाले. 153 वी पायदळ रेजिमेंट हे नाव त्याच वेळचे. युद्ध संपल्यावर हे सैनिक सुटले ते साधे नागरिक म्हणून, राज्याच्या फौजेत परत आले नाहीत, आणि सारी उभारणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. 1933 च्या दुरुस्तीने यावर कायमचा इलाज केला. तेव्हापासून गार्डचा प्रत्येक सैनिक एकाच दिवशी दोन फौजांत नाव नोंदवितो, एक त्याच्या राज्याची व दुसरी राष्ट्राची राखीव. राष्ट्राने बोलाविले की पहिली नोकरी स्थगित होते, राष्ट्राने सोडले की ती आपोआप पुन्हा सुरू होते. त्याची शपथही दुहेरी असते. राज्यघटना दोन, आणि ज्यांचे हुकूम पाळावयाचे ते अधिकारीही दोन.

आजची व्यवस्था याच पायावर उभी आहे. आर्कान्सा गार्डचे मुख्य ठाणे नॉर्थ लिटल रॉकजवळ कॅम्प रॉबिन्सन येथे आहे. पायदळाची 39 वी ब्रिगेड ही तिची मोठी शक्ती, फेयेटव्हिलकडे 142 वी तोफखाना ब्रिगेड, आणि पश्चिमेस फोर्ट स्मिथजवळ फोर्ट चाफी हे सरावाचे विस्तीर्ण मैदान. गव्हर्नर हा सरसेनापती, आणि त्याच्या हाताखाली ॲडज्युटंट जनरल या पदनामाचा अधिकारी प्रत्यक्ष कारभार पाहतो. सैनिक महिन्यातून एक शनिवार-रविवार गावच्या आर्मरीत कवायतीस येतो आणि वर्षातून पंधरा दिवसांच्या शिबिरास जातो. उरलेल्या दिवसांत तो शाळामास्तर असतो, स्प्रिंगडेलच्या कोंबडीमांसाच्या कारखान्यात मुकादम असतो, वॉलमार्टच्या गुदामात हिशेबनीस असतो. बेंटनव्हिल हे वॉलमार्टचे मुख्यालय असल्यामुळे पुण्या-पिंपरीहून गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आज त्याच परिसरात राहतात, आणि त्यांच्या मुलांच्या वर्गमित्राचा बाप महिन्यातील एका रविवारी गणवेशात दिसला तर त्यात नवल नाही. तो लढाईवर गेल्यास त्याची नोकरी राखून ठेवणे मालकावर 1994 च्या कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या प्रादेशिक सेनेच्या 1948 च्या कायद्यातही तशी तरतूद आहेच.

व्यवहारात या सैनिकाच्या तीन अवस्था संभवतात. राज्याच्या कामावर, राज्याच्या तनख्यावर, गव्हर्नरच्या हुकमतीत, ही पहिली. पूर आला, वादळ झाले की ती. राष्ट्राच्या तनख्यावर परंतु गव्हर्नरच्याच हुकमतीत, ही दुसरी. नेहमीची कवायत याच सदरात मोडते. राष्ट्राच्या तनख्यावर व अध्यक्षाच्या हुकमतीत, ही तिसरी. गणवेश तोच, बंदूक तीच, शेजारी उभा असलेला सोबतीही तोच. बदलते ते फक्त दप्तरातील सदर. पण त्या सदराने मोठा फरक पडतो, कारण 1878 च्या एका कायद्याने राष्ट्रीय सैन्यास नागरी कायद्याची अंमलबजावणी करण्यास मनाई केली आहे आणि गव्हर्नरच्या हुकमतीतील गार्डला ती मनाई लागू नाही. 1980 च्या उन्हाळ्यात फोर्ट चाफी येथे क्यूबाहून आलेले हजारो निर्वासित ठेवले होते; 1 जून रोजी त्यांतील सुमारे हजारजण दरवाज्यातून बाहेर पडून जवळच्या बार्लिंग गावाकडे निघाले, तेव्हा तळावरच्या राष्ट्रीय सैनिकांनी त्यांना अडविले नाही, कारण अडविण्याचा अधिकार आपणास आहे की नाही याचीच त्यांना खात्री नव्हती. त्यांना थोपविले राज्याच्या पोलिसांनी, आणि गार्डला बोलावण्याचा हुकूम काढला त्या वेळच्या तरुण गव्हर्नरांनी. त्यांचे नाव बिल क्लिंटन. त्या वर्षीची निवडणूक ते हरले, आणि त्या पराभवात क्यूबन निर्वासितांच्या प्रकरणाचा वाटा मोठा होता.

अर्धवेळ सैनिकांची थट्टा करण्याची रीत सर्व देशांतील खड्या सैन्यांत आहे. ‘शनिवार-रविवारचे शिपाई’ असे त्यांना म्हणतात. आर्कान्साच्या 206 व्या किनारी तोफखाना रेजिमेंटची हकीकत अशा थट्टेखोरांनी वाचावी. छोट्या गावांतील व महाविद्यालयांतील ही मुले 1941 च्या जानेवारीत राष्ट्रीय सेवेत घेण्यात आली, टेक्ससच्या वाळवंटात विमानवेधी तोफा चालविण्यास शिकली, आणि त्याच वर्षी त्यांची रवानगी झाली ती अलास्काच्या टोकाला, डच हार्बर येथे. ज्यांनी जन्मात कापसाची शेते व भाताची खाचरे पाहिली, ती माणसे धुके, बर्फ आणि तंबू उडवून नेणारा वारा यांत तोफांभोवती वाळूच्या पोत्यांच्या भिंती रचीत राहिली. 3 आणि 4 जून 1942 रोजी ‘र्‍युजो’ व ‘जुन्यो’ या जपानी विमानवाहू जहाजांवरून उडालेल्या विमानांनी त्या बंदरावर बाँब टाकले, तेव्हा त्यांच्याशी झुंजणाऱ्यांत हे आर्कान्साचे शिपाई होते. पुढे कोरियात राज्याचा तोफखाना लढला. 2004 साली 39 वी ब्रिगेड बगदादजवळ होती. आणि ती परतते न परतते तोच 2005 च्या सप्टेंबरात, कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनगृहात हजारो भुकेली माणसे अडकली असता, तेथे व्यवस्था लावण्यास आर्कान्साचेच गार्ड पोहोचले. शेजारच्या राज्याने मागितली म्हणून पाठविलेली ती मदत होती. राज्याराज्यांत तसा करार आहे.

मात्र आर्कान्सा गार्डचे नाव जगाला माहीत झाले ते यांपैकी कशामुळेही नव्हे. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविल्या, आणि 1957 च्या सप्टेंबरात लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्यावयाचे ठरले. शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री, 2 सप्टेंबरला, गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी शांतताभंगाचे भय दाखवून गार्डला शाळेभोवती उभे केले. 4 तारखेस सकाळी आठ विद्यार्थी एकत्र येणार होते. नववी, पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड, हिच्या घरी दूरध्वनी नसल्यामुळे तिला हा बेत कळला नव्हता. स्वतः शिवलेला पांढरा पोशाख घालून, छातीशी वही धरून ती एकटीच चालत आली. गोरी मुले सैनिकांच्या रांगेतून आत जात होती, म्हणून तीही त्याच वाटेने गेली. तिच्यापुढे बंदुका आडव्या झाल्या. दुसऱ्या ठिकाणाहून आत जाऊ पाहिले, तेथे संगिनी वर उचलल्या गेल्या. मागे जमाव ओरडत होता. तिने पाठ फिरविली आणि जमावाच्या शिव्या खात रस्त्याच्या टोकाच्या बस-थांब्यापर्यंत चालत जाऊन ती बाकावर बसली. छायाचित्रांमुळे हा प्रसंग सर्वतोमुखी झाला. परंतु मला त्यात नेहमी दिसतात ते ते सैनिक. त्यांच्यापैकी कोणी शेजारच्या परगण्यातला दुकानदार असेल, कोणी शेतकरी असेल, कोणाला त्याच वयाची मुलगी असेल. अर्धवेळ फौजेचे कौतुक करताना तिचा सैनिक हा समाजातला माणूस असतो असे सांगतात. खरे आहे; आणि म्हणूनच समाजाचा पूर्वग्रहही गणवेश घालून कवायतीस येतो.

पुढील तीन आठवड्यांत या फौजेने जी स्थित्यंतरे पाहिली ती क्वचितच दुसऱ्या कोणत्या फौजेने पाहिली असतील. 14 सप्टेंबरला फॉबस अध्यक्ष आयझेनहॉवर यांना न्यूपोर्ट येथे जाऊन भेटले. काही निष्पन्न झाले नाही. 20 तारखेस राष्ट्रीय न्यायाधीश रोनाल्ड डेव्हिस यांनी गव्हर्नरांना मनाईहुकूम दिला व फॉबस यांनी गार्ड मागे घेतले. 23 तारखेस मुले आत गेली, बाहेर जमाव अनावर झाला, पत्रकारांना मारहाण झाली आणि मुलांना मागच्या दाराने बाहेर काढावे लागले. 24 तारखेस आयझेनहॉवर यांनी 101 व्या छत्रीधारी डिव्हिजनचे सुमारे हजार सैनिक रवाना केले, आणि त्याच फर्मानान्वये आर्कान्साचे जवळजवळ 10,000 गार्ड आपल्या हुकमतीखाली घेतले. जे कालपर्यंत नऊ मुलांना अडवीत होते, त्यांना आज त्याच नऊ मुलांचे रक्षण करण्याचा हुकूम झाला. फॉबस यांच्या हाती एकही बंदूक उरली नाही. आणि बंड झाले नाही, पलटणी फुटल्या नाहीत; माणसे आपापल्या आर्मरीत हजर झाली.

या गोष्टीचे महत्त्व मी कमी लेखू इच्छीत नाही. 1861 साली हेच राज्य राष्ट्राच्या शस्त्रागारावर चालून गेले होते; 1957 साली ते तसे गेले नाही, याचे श्रेय 1933 च्या त्या दुहेरी नोंदणीला आहे. तथापि आज्ञापालनाच्याही पायऱ्या असतात. नोव्हेंबरअखेर छत्रीधारी सैनिक परतले व शाळेचे रक्षण राष्ट्राच्या हुकमतीतील गार्डवर आले. मेल्बा पॅटिलो बील्स या त्या नवांपैकी एक विद्यार्थिनी. त्यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे की, छत्रीधारी सैनिक असताना जो धाक होता तो पुढे राहिला नाही, व्हरांड्यात धक्काबुक्की होत असताना गार्डचे शिपाई दुसरीकडे पाहत. हुकमाचा शब्द पाळला गेला, हुकमाचे अंतःकरण नाही. नवांपैकी मिनीजीन ब्राउन हिला पुढील वर्षीच्या फेब्रुवारीत शाळेतून काढून टाकण्यात आले. अर्नेस्ट ग्रीन मे महिन्यात पदवी घेऊन बाहेर पडला, आणि फॉबस त्याच वर्षी पुन्हा प्रचंड मतांनी निवडून आले. ते एकंदर सहा वेळा गव्हर्नर झाले.

आपल्याकडे अधूनमधून असा विचार मांडला जातो की राज्यांनाही स्वतःची राखीव फौज असावी, निदान आपत्तीच्या वेळी केंद्राच्या तोंडाकडे पाहावे लागू नये. संस्थानी काळात अशा फौजा होत्या. कोल्हापूर दरबारचे राजाराम रायफल्स पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत विलीन झाले. स्वतंत्र भारताने मात्र सेना हा विषय निखळ केंद्राकडे ठेवला. 9 ऑक्टोबर 1949 रोजी राजगोपालाचारी यांनी जिचे उद्घाटन केले ती प्रादेशिक सेना नावाने प्रादेशिक असली तरी कोणत्याही मुख्यमंत्र्याची नाही. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना 6 डिसेंबर 1946 रोजी मुंबई इलाख्यात स्थापन झालेले होमगार्ड राज्याचे आहेत, पण ती सेना नव्हे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तर केंद्राची सशस्त्र दले राज्यात तैनात करण्याचा विषयही केंद्रसूचीत घातला. या व्यवस्थेत राज्ये दुबळी राहिली हे कबूल करूनही, भाषा, पाणी आणि सीमा यांवरून शेजारच्या राज्यांत जे तंटे होतात ते पाहता, दोन्ही बाजूंस तोफखाना नाही याबद्दल मला तरी समाधान वाटते. आर्कान्साचा 1874 चा महिना ज्याने वाचला आहे, त्याने ही मागणी करण्यापूर्वी दहादा विचार करावा. अमेरिकेची गोष्ट वेगळी. तेथे राज्ये आधी जन्मली व राष्ट्र मागाहून; त्यांच्या हातून ही फौज काढून घ्या असे सांगणे म्हणजे त्यांच्या घटनेचा अर्धा पाया खणण्यासारखे आहे.

म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो. 1957 साली अध्यक्षाने गव्हर्नरची फौज हिरावून घेतली, तेव्हा त्याच्या पाठीशी न्यायालयाचा हुकूम होता आणि गव्हर्नर तो मोडीत होता. 1965 साली अलाबामात सेल्मा ते माँटगमरी या पदयात्रेस न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी परवानगी दिली, गव्हर्नर वॉलेस यांनी यात्रेकरूंच्या रक्षणाची जबाबदारी टाळली, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी त्या राज्याचे गार्ड ताब्यात घेतले. दोन्ही प्रसंगी बलप्रयोग न्यायनिर्णयाच्या मागून चालला. 2025 साली लॉस एंजेलिसमध्ये बलप्रयोग आधी झाला आणि न्यायालय मागून धावत आले. न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी 12 जूनला गार्ड गव्हर्नरांना परत करण्याचा हुकूम दिला. अपील न्यायालयाने, अध्यक्षाच्या निर्णयास मोठी मुभा दिली पाहिजे असे म्हणून, त्यास स्थगिती दिली. या मुभेतच सारे पाणी मुरते आहे. ज्या कलमाचा आधार घेण्यात आला ते परचक्र, बंड, किंवा नेहमीच्या दलांनी कायदा अंमलात आणणे अशक्य होणे, असे तीन प्रसंग सांगते. परंतु तसा प्रसंग आला आहे की नाही हे ठरविणारा कोण, हे ते स्पष्ट सांगत नाही. गव्हर्नरची संमती असेल तर प्रश्नच नाही. संमती नसेल, तर कोणत्या तरी न्यायालयीन निर्णयाची अवज्ञा चालू आहे हे अध्यक्षाने राष्ट्रीय न्यायालयापुढे ठरावीक दिवसांत दाखवून द्यावे, न दाखविल्यास फौज आपोआप गव्हर्नरकडे परत जावी, आणि परचक्राचा अपवाद तेवढा राहावा, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. अशा दुरुस्तीने आयझेनहॉवर यांचा हात एक दिवसही अडला नसता.

अशी दुरुस्ती अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी अलीकडचा एक प्रसंग आठवावा. कतरिनानंतर, 2006 साली, संरक्षण खर्चाच्या एका प्रचंड विधेयकात एक लहानसे कलम घुसवून अध्यक्षाला आपत्तीच्या सबबीवर गार्ड ताब्यात घेण्याचा विस्तृत अधिकार देण्यात आला होता. पन्नासही राज्यांच्या गव्हर्नरांनी पक्षभेद विसरून त्यास विरोध केला, आणि 2008 च्या आरंभी ते कलम रद्द झाले. तशी एकजूट आज मात्र दिसत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये अध्यक्षांनी राजधानीत फौज मागविली तेव्हा अनेक रिपब्लिकन गव्हर्नरांनी आपापले गार्ड खुशीने पाठविले, आणि ऑक्टोबरात टेक्ससचे गार्ड इलिनॉयच्या गव्हर्नरांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्या राज्यात आणले गेले, तेही टेक्ससच्या गव्हर्नरांच्या पूर्ण संमतीने. एका राज्याची लोकसेना दुसऱ्या राज्याच्या संमतीवाचून त्याच्या हद्दीत उतरविण्याची ही रीत एकदा अंगवळणी पडली, तर आज दुसऱ्यांच्या राज्यांत आपली माणसे पाठविणाऱ्या या गव्हर्नरांना, उद्या अध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा आल्यावर, तक्रार करण्यास कोणता आधार उरणार आहे, याचा विचार त्यांच्यापैकी कोणी जाहीरपणे बोलून दाखविल्याचे माझ्या तरी वाचनात आलेले नाही.